बाटलीवर न छापलेलं साल
(प्रस्तावना)

शॅम्पेनच्या चार-पाच बाटल्या ओळीनं मांडल्या आणि नुसती लेबलं वाचून त्यांतला फरक सांगायचा म्हटलं, तर हाती फारसं काही लागत नाही. घराण्याचं नाव, रँस किंवा एपर्ने किंवा आय असं गावाचं नाव, ‘ब्रूत’ हा शब्द, 750 मिलिलिटर, बारा-साडेबारा टक्के अल्कोहोल. तळाशी बारीक टायपात एक दोन अक्षरी खूण आणि एक क्रमांक. द्राक्षं कोणत्या साली खुडली, कोणत्या जातीची होती, वाइन तळघरात किती वर्षं पडून होती, शेवटी साखर किती घातली, बाटली विक्रीसाठी कधी तयार झाली, यांतलं बहुधा काहीच नाही. किमतीत मात्र दुपटी-तिपटीचा फरक. हे पुस्तक अशा साल न सांगणाऱ्या बाटल्यांविषयी आहे. व्यापारात त्यांना नॉन-व्हिंटेज म्हणतात.

शॅम्पेनवर लिहिणारे सहसा वरच्या पायरीवरून सुरुवात करतात. डॉम पेरिन्याँ, क्रिस्टल, नाहीतर एखाद्या गाजलेल्या सालची दुर्मीळ बाटली. त्यात वावगं काही नाही, पण त्यावरून घराण्याची पारख होत नाही. उत्तम साल, उत्तम मळा आणि माल आठ-दहा वर्षं अडकवून ठेवण्याची ऐपत, एवढं जुळून आल्यावर वाइन चांगली झाली नाही तरच नवल. कस लागतो तो 2021सारख्या सालात. त्या वर्षी एप्रिलमधल्या हिमतुषारानं कोवळे कोंब करपले. पुढे ओल्या उन्हाळ्यात केवड्यानं, म्हणजे नाशिकचे बागायतदार ज्याला ‘डाऊनी’ म्हणतात त्या रोगानं, वेली धरल्या आणि पीक अगदीच थोडं हाती आलं. तरीही दोन-तीन वर्षांनी दुकानाच्या फळीवर त्या घराण्याची नेहमीची बाटली नेहमीच्या वेळी उभी राहायलाच हवी. शॅम्पेनमधून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य बाटल्या या प्रकारच्या असतात. घराण्याचा संसार त्यांच्यावर चालतो, म्हणून घराणं ओळखायचं तेही त्यांच्यावरूनच.

सालं एकमेकांत मिसळण्याची ही पद्धत निघाली ती गरजेतून. पॅरिसच्या पूर्वेला, द्राक्षशेतीच्या जवळजवळ उत्तर सीमेवर हा प्रदेश आहे. सुमारे 34,000 हेक्टर लागवड, 319 गावं, बऱ्याच ठिकाणी पायाखाली खडूचा दगड. थंडी एवढी, की पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षं धड पिकतील की नाही याचीच धास्ती असायची. एका साली आंबट, दुसऱ्या साली कुजलेली, तिसऱ्या साली भरघोस. मग चांगल्या सालच्या वाइनमधला काही भाग राखून ठेवायचा आणि वाईट सालात तो घालायचा. या राखीव साठ्याला रिझर्व्ह वाइन म्हणतात. त्यावर्षीची मिरची फिकी निघाली तरी वर्षाचा मसाला घरच्या रंगाचाच उतरला पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या कुठल्याही घरात हे तर्कशास्त्र कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

सरमिसळ फक्त सालांची नसते, गावांची आणि द्राक्षांच्या जातींचीही असते. पिनो न्वार प्रामुख्यानं रँसच्या डोंगरउतारांवर आणि दक्षिणेला ओबमध्ये, मनिए मार्न नदीच्या खोऱ्यात, शार्दोने एपर्नेच्या दक्षिणेकडच्या कोत दे ब्लाँमध्ये. ढोबळ मानानं पहिली अंग देते, दुसरी फळाचा गोलवा, तिसरी धार. प्रत्यक्षात मात्र ल मेनिलची शार्दोने आणि शेजारच्या गावची शार्दोने यांतही अंतर पडतं. मोठ्या घराण्याच्या तळघरात म्हणून गाव, मळा, जात आणि साल यांप्रमाणे वेगळ्या ठेवलेल्या शेकडो वाइन असतात. हिवाळ्यात तळघराचा प्रमुख, शेफ द काव, आपल्या माणसांबरोबर त्या एकेक करून चाखतो. त्या अवस्थेत त्यांत बुडबुडे नसतात. वाइन पातळ, दात आंबवणारी असते. ती प्यायला मुळीच चांगली लागत नाही. त्यातून तीन-चार वर्षांनंतरची चव त्याला डोळ्यांसमोर आणायची असते.

मिश्रण ठरलं, की त्यात लिटरमागे सुमारे 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून ते बाटल्यांत भरतात. दुसरं किण्वन बंद बाटलीतच होतं आणि आत सहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो. मेलेलं यीस्ट तळाशी बसतं. नॉन-व्हिंटेज बाटली भरल्यापासून किमान 15 महिने बाहेर काढायची नाही आणि त्यांतले 12 महिने वाइन या गाळावर राहिली पाहिजे, असा नियम आहे. बरी घराणी तीन वर्षं किंवा त्याहून जास्त थांबतात. बेकरीचं दार उघडल्यावर येतो तो ताज्या पावाचा वास आणि शेवया तुपात परतताना सुटतो तो खमंगपणा या थांबण्यातून येतो. द्राक्षाचा त्यात थेट हात नसतो.

यापुढची पायरी मी जरा जवळून दाखवतो, कारण तुलनेचा सगळा घोळ तिच्यापाशी सुरू होतो. बाटली हळूहळू फिरवत उलटी करत आणली, की गाळ मानेत जमतो. मग ती मान अतिथंड द्रावात बुडवतात. गाळाभोवती बर्फाचा लहानसा गोळा तयार होतो. टोपण काढलं, की आतल्या दाबानं तो गोळा फट्‌कन बाहेर उडतो, बरोबर थोडा फेसही जातो. तेवढी रिकामी जागा वाइन आणि साखरेच्या मिश्रणानं भरायची, बूच मारायचं, तार बांधायची. गाळ काढण्याला डिसगॉर्जमेंट म्हणतात आणि शेवटच्या साखरेला दोझाज. लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर ‘ब्रूत’, 6 ग्रॅमपर्यंत असेल तर ‘एक्स्ट्रा ब्रूत’. म्हणजे ‘ब्रूत’ लिहिलेल्या दोन बाटल्यांत एकीत 6 आणि दुसरीत 11 ग्रॅम असू शकतात. जिभेला हा फरक कळतो. लेबल गप्प असतं. आणि ज्या दिवशी गाळ निघाला त्या दिवसापासून वाइनचं दुसरं वय सुरू होतं. सुरुवातीचे काही महिने ती बावरल्यासारखी असते, साखर वेगळी कळते. वर्षभरात सगळं मिसळून येतं. चार-पाच वर्षांनी मध, सुकामेवा, भाजलेला वास वर येतो. एकाच मिश्रणाच्या, एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या वेगवेगळ्या साली डिसगॉर्ज केल्या, तर त्या शेजारी ठेवून चाखणाऱ्याला सख्ख्या वाटतीलच असं नाही.

आता घराण्यांकडे येऊ. आय गावच्या बोलँजेची ‘स्पेशल क्युव्हे’ आणि एपर्नेच्या पोल रोजेची ‘ब्रूत रेझेर्व्ह’ ही जोडी मला तुलनेसाठी सगळ्यांत उपयोगी वाटते. बोलँजेत 60 टक्के पिनो न्वार, 25 टक्के शार्दोने, 15 टक्के मनिए. वाइनचा काही भाग जुन्या ओक पिंपांत आंबवलेला. त्या पिंपांच्या डागडुजीसाठी घराण्यानं आजही स्वतःचा कारागीर ठेवला आहे. रिझर्व्ह वाइनचा एक भाग टाक्यांत न ठेवता दीड लिटरच्या मॅग्नम बाटल्यांत, बूच मारून, पाच ते पंधरा वर्षं राखलेला. पोल रोजेत तिन्ही जाती समसमान, किण्वन स्टीलच्या टाक्यांत, तळघर विशेष थंड, आणि बाटल्या अजूनही हातानं फिरवलेल्या. ग्लासात याचा अर्थ असा होतो: बोलँजेचा पहिला वास सोललेल्या सफरचंदाचा, काप केल्यावर थोडा वेळ उघड्यावर राहून तांबूस झालेल्या. त्यामागे अक्रोड, मग पावाचा कडक पापुद्रा. घोट भरला की आधी वजन जाणवतं, आंबटपणा नंतर येतो. पोल रोजेत क्रम उलटा. आधी लिंबाच्या सालीचा ताजेपणा, मग हळूच लोण्याची कड, शेवटी जीभ स्वच्छ. बोलँजे जेवणाबरोबर खुलते. पोल रोजेची बाटली जेवणाला बसण्याआधीच संपते. मला स्वतःला बहुतेक संध्याकाळी दुसरी हवी असते, पण पहिलीचा आदर जास्त वाटतो.

तिसरी बाटली जोडायचीच तर रँसच्या लाँसोंची. कच्च्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल जिवाणूंकरवी मवाळ लॅक्टिक आम्लात बदलू देण्याची रीत बहुतेक घराण्यांत आहे. लाँसोंनं ती परंपरेनं टाळली. अलीकडे थोडी सवलत घेतली आहे, पण आवळ्याची आठवण व्हावी अशी तिची धार कायम आहे. एका ओळीत या तीन ठेवल्या, की पिंप, टाकी आणि आम्ल यांचा परिणाम दहा पानं वाचून कळणार नाही इतका घोटभरात कळतो. रँसच्याच शार्ल हाइडसिकचा भर वेगळीकडे आहे. तिथे नेहमीच्या ‘ब्रूत रेझेर्व्ह’मध्ये निम्म्याच्या जवळपास रिझर्व्ह वाइन असते आणि तीही बरीच जुनी. एवढा साठा वर्षानुवर्षं न विकता ठेवणं हिशेबनीसाला न परवडणारं काम आहे. किमतीच्या मानानं आज बाजारातली सर्वांत मोठ्या मनाची बाटली ती, असं माझं मत आहे.

मोएत ए शाँदों आणि व्हव क्लिको यांना नाकं मुरडण्याची जाणकारांत फॅशन आहे. प्रचंड संख्येनं बाटल्या काढूनही मोएतची ‘आँपेरियाल’ क्वचितच सदोष निघते, हे कौशल्य लहान नाही. पण ती जपून केलेली वाइन आहे, कोणालाच नावडू नये अशा बेतानं केलेली. क्लिकोत पिनो न्वारचा भर जाणवतो, तरी त्या पिवळ्या लेबलाची किंमत अनेकदा बाटलीतल्या मालाच्या पुढे पळते. तेवढ्याच पैशांत लहान उत्पादकाची बाटली मिळत असेल तर मी ती घेईन.

लेबलाच्या तळाची दोन अक्षरी खूण इथे कामाला येते. ‘एनएम’ म्हणजे द्राक्षं विकत घेऊन वाइन करणारं घराणं, ‘आरएम’ म्हणजे स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची वाइन स्वतः करणारा शेतकरी, ‘सीएम’ म्हणजे सहकारी संस्था. शॅम्पेनची बहुतांश जमीन शेतकऱ्यांच्या मालकीची आणि बहुतांश विक्री घराण्यांच्या हाती, असं तिथलं जुनं समीकरण आहे. पिएर पेतेर्स, लार्मांदिए-बेर्निए, एग्ली-ऊरिए, आव्हीझ गावचे आंसेल्म सेलोस अशा मंडळींनी ते गेल्या काही दशकांत ढवळून काढलं. यांच्या नॉन-व्हिंटेजमध्ये एखाददुसऱ्या गावाचीच चव असते. झाकायला दुसऱ्या गावची वाइन नसल्यानं वाईट सालही दिसतं. म्हणून शेतकऱ्याची बाटली नेहमी श्रेष्ठ, हा नवा भक्तिभाव मला मान्य नाही. ‘आरएम’ या खुणेखाली आळशी, गोडसर, विस्मरणीय वाइनही भरपूर विकली जाते.

आता मूळ दाव्याकडे. ‘आमच्या नॉन-व्हिंटेजची चव दरवर्षी तीच असते’ हे वाक्य शॅम्पेनच्या व्यापारानं शतकभर विकलं. ते अर्धंच खरं आहे. शैली टिकते, चव टिकत नाही. मिश्रणाचा पाया म्हणून जे साल असतं ते डोकं वर काढतंच. 2017 हे ऑगस्टअखेरच्या पावसानं द्राक्षं कुजवणारं साल, 2018 हे उष्ण आणि भरघोस. या दोन सालांवर उभ्या राहिलेल्या, एकाच नावाच्या बाटल्या सारख्या कशा लागतील? हे घराण्यांतल्या लोकांना ठाऊक होतंच, बाहेर सांगायची पद्धत नव्हती.

ब्रुनो पायार यांनी 1980च्या दशकातच आपल्या बाटल्यांवर डिसगॉर्जमेंटची तारीख छापायला सुरुवात केली. तेव्हा तो एकट्याचा हट्ट होता. शार्ल हाइडसिकचे दानिएल तिबो यांनी 1990च्या दशकात वाइन तळघरात ठेवल्याचं साल पुढच्या लेबलावर आणलं. गिऱ्हाइकं त्यालाच व्हिंटेज समजू लागल्यानं ते तिथून हटवावं लागलं. जाकसों या घराण्यानं 2000च्या पिकापासून एकसारखेपणाचा नादच सोडला आणि प्रत्येक वर्षीच्या मिश्रणाला क्रमांक दिला. 2000चा क्रमांक 728, मग दरवर्षी एक वाढवायचा, म्हणजे 740 हातात आली तर पाया 2012चा. क्रुग तर आपल्या ‘ग्राँद क्युव्हे’ला नॉन-व्हिंटेज म्हणवून घ्यायलाच तयार नसतं. दहाहून अधिक सालांच्या शंभरावर वाइन तिच्यात मिसळलेल्या असतात. तिच्या मागच्या लेबलावर सहा आकडी ओळख-क्रमांक असतो. पहिला आकडा तिमाहीचा, पुढचे दोन सालाचे, की डिसगॉर्जमेंट कधी झाली ते कळलं.

पण वळण लागलं ते 2021 साली. लुई रोदरेरनं 1986पासून चालत आलेली आपली ‘ब्रूत प्रमिए’ बंद केली आणि ‘कलेक्शन 242’ आणली. क्रमांक 1776पासून घराण्यानं केलेल्या मिश्रणांचा. घटक उघड सांगितले: 56 टक्के 2017चं पीक, 34 टक्के 2012पासून दरवर्षी भर घालत राखलेल्या सामायिक साठ्यातून, 10 टक्के ओकमध्ये ठेवलेली रिझर्व्ह वाइन. तळघराचे प्रमुख जाँ-बातिस्त लेकायों यांची भूमिका सरळ आहे. पूर्वी द्राक्षं पिकत नसत, म्हणून उणीव झाकायला मिश्रण लागे. आता हवामान तापलं, 2003नंतर ऑगस्टमध्ये खुडणी होणं अपूर्वाईचं राहिलं नाही, द्राक्षं पिकतात. मग दरवर्षी तीच वाइन करण्यापेक्षा त्या वर्षी होईल तितकी चांगली का करू नये? एवढ्या जुन्या आणि मोठ्या घराण्यानं हे म्हटल्यावर बाकीच्यांना गप्प बसणं अवघड झालं आहे. मला हा बदल योग्य वाटतो. साखरेचे ग्रॅम, पायाचं साल आणि डिसगॉर्जमेंटचा महिना या तीन गोष्टी मागच्या लेबलावर सहज मावतात. एवढे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या न सांगण्याचं कारण आज उरलेलं नाही.

चाखण्याच्या पद्धतीविषयी थोडं. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक टाकावेत, ओतणारा आणि चाखणारा वेगळा असावा. उंच अरुंद फ्लूट ग्लास दिसायला देखणा असतो, पण त्यात नाक शिरत नाही. पांढऱ्या वाइनचा साधा, वर निमुळता होणारा ग्लास बरा. रँस विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी आयुष्यभर शॅम्पेनचे बुडबुडे अभ्यासले. ग्लासातले बुडबुडे मुख्यतः कापडाच्या किंवा हवेतल्या सूक्ष्म तंतूंवर जन्मतात आणि ग्लास तिरपा धरून ओतलं तर वायू जास्त टिकतो, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा ‘बारीक बुडबुडे म्हणजे उंची शॅम्पेन’ वगैरे निष्कर्ष जपून काढावेत. निम्मं श्रेय ग्लास पुसणाऱ्या फडक्याचं असू शकतं. वाइन बर्फासारखी गार नको, आठ-दहा अंश पुरे, आणि ग्लासात अर्धा तास राहू द्यावी. गारव्यात सगळ्या बाटल्या शहाण्या वाटतात. दोष आणि गुण दोन्ही बाहेर येतात ते ती थोडी कोमट व्हायला लागल्यावर. कमी साखरेच्या बाटल्या आधी घ्याव्यात. शेजारी तिखट फरसाण नको, साधा पाव ठेवावा.

आपल्याकडे एक जादा पथ्य आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत महागड्या बाटल्या दर्शनी काचेत, दिव्याखाली, उभ्या ठेवलेल्या दिसतात. प्रकाशानं शॅम्पेन नासते. उकडलेल्या कोबीसारखा, ओल्या लोकरीसारखा वास येतो, आणि पारदर्शक काचेच्या बाटलीला हा धोका सर्वांत जास्त. आयातशुल्कानं फुगलेली किंमत देऊन अशी बाटली घेण्यापेक्षा खोक्यातून काढून द्यायला सांगावं. विक्रेत्यानं कुरकुर केली तर दुकान बदलावं.

महाराष्ट्राला हे तंत्र अगदीच परकं नाही. 1980च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीनं पायपर-हाइडसिक या शॅम्पेन घराण्याच्या तांत्रिक मदतीनं बाटलीत किण्वन होणारी वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ या नावानं परदेशात विकली. मोएतच्या कंपनीनं दिंडोरीला ‘शाँदों’ काढायला घेतली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. शॅम्पेनमध्ये द्राक्ष पिकेल का ही चिंता होती, नाशिककडे ते फार लवकर पिकून आंबटपणा गमावतं ही चिंता आहे. हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे आणि तो कोणीतरी नाशिकात बसूनच लिहावा. इथे तो मी घेतलेला नाही.

या पुस्तकात गुणही दिलेले नाहीत. शंभरपैकी 91 आणि 92 यांतला फरक सांगता येतो असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, आणि नॉन-व्हिंटेजच्या बाबतीत तर गुण नेमके कोणत्या बाटलीचे हेच ठरत नाही. त्याऐवजी प्रत्येक नोंदीच्या वर पायाचं साल, साखर आणि डिसगॉर्जमेंटची तारीख दिली आहे. घराण्यानं ती सांगितली नसेल तिथे ‘तारीख नाही’ असं छापलं आहे, आणि अशा नोंदी वाचकाला हव्या त्यापेक्षा जास्त आढळतील. तुमच्या हातातली बाटली त्याच नावाची असून चव माझ्या नोंदीशी जुळली नाही, तर आधी तिची मागची बाजू वाचा, तारखा ताडून पाहा. तारखा जुळल्या आणि तरीही पटलं नाही, तर माझं खुशाल खोडून टाका आणि समासात तुमचं लिहा.